हौद्याला घासणारे चाक आणि ट्रेलरची उंची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. देवगड तालुक्यात सड्यावर आमची हापूसची बाग आहे. बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत आंब्याचे क्रेट आणण्यासाठी जीपच्या मागे जोडायचा लहान दोनचाकी ट्रेलर आम्ही सात वर्षांपूर्वी तयार करून घेतला. त्याचे स्वतःचे वजन सुमारे ३०० किलो असून हंगामात त्यावर ३० क्रेट, म्हणजे जवळपास ६०० किलो माल असतो. चाके हौद्याच्या बाजूला नसून खाली आहेत. पूर्वी १४५/८० आर १२ मापाचे टायर होते. गेल्या वर्षी रिमसकट बदलून १५५/८० आर १३ मापाचे बसवले. तेव्हापासून पाणंदीत चाक आदळले की टायरचा माथा हौद्याच्या तळाच्या आडव्या अँगलला घासतो आणि रबराची साल निघते. टायरचा माथा आणि अँगल यांच्यामध्ये रिकाम्या ट्रेलरला ६५ मिलिमीटर आणि भरलेल्या ट्रेलरला २५ मिलिमीटर अंतर राहते. गावातील वेल्डरच्या मते ॲक्सल (चाकांचा आस) आणि पाटे (स्प्रिंगच्या कमानदार पट्ट्या) यांच्यामध्ये ५० मिलिमीटर उंचीचा लोखंडी गुटका घातला की काम होईल. सोबत छायाचित्र पाठवत आहे. हा उपाय करावा का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : करू नये. आपल्या छायाचित्रात पाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले स्पष्ट दिसतात, म्हणजे ॲक्सल पाट्यांवर बसलेला आहे आणि यू-बोल्ट वरून खाली येऊन पाट्यांना कवेत घेतात. अशा रचनेत दोघांच्या मध्ये गुटका घातला, तर पाटे ॲक्सलपासून ५० मिलिमीटर आणखी खाली जातील, पाट्यांना टांगलेला हौदाही त्यांच्याबरोबर तितकाच खाली येईल आणि आज जे २५ मिलिमीटर अंतर उरले आहे तेही संपून भरलेला हौदा टायरवर टेकेल. गुटक्याचा उपाय ज्या ट्रेलरचे पाटे ॲक्सलच्या वर असतात त्यांच्यासाठी आहे, आणि टेम्पोचे जुने पाटे वापरून आपल्याकडे बनणारे ट्रेलर बहुधा त्याच प्रकारचे असल्यामुळे वेल्डरच्या डोळ्यांसमोर ती रचना आली असावी. त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र ट्रेलरखाली सतरंजी टाकून, आडवे होऊन, पाटे वर आहेत की खाली हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या विषयात कोणाचाही सल्ला ऐकू नये, माझासुद्धा.

आता टायरचे पाहू, कारण मूळ घोळ तेथे झाला आहे. १४५/८० आर १२ या टायरचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर आणि १५५/८० आर १३ चा सुमारे ५७८ मिलिमीटर भरतो. व्यासातला फरक ४१ मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्येतला २१ मिलिमीटरचा. मोठ्या टायरमुळे ॲक्सल जमिनीपासून २१ मिलिमीटर वर गेला, त्याबरोबर सगळा ट्रेलरही तेवढाच उंच झाला आणि पाणंदीतल्या जांभ्याच्या उंचवट्यांवर खालचा भाग घासणे कमी झाले असेल. परंतु टायरचा माथा ॲक्सलपासून २१ मिलिमीटर वर सरकल्यामुळे हौद्याखालची मोकळी जागा तितकीच घटली. जमिनीपासूनची उंची आणि टायरवरची मोकळी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोठे टायर पहिली वाढवताना दुसरी खातात.

यावर जुने टायर परत बसवा असे सांगणे सोपे होते, पण मी तसे सांगणार नाही. टायरच्या कडेवर मापापुढे एक अंक कोरलेला असतो, तो भारक्षमतेचा. १४५/८० आर १२ वर सहसा ७४ असतो, त्याचा अर्थ एका टायरला ३७५ किलो. १५५/८० आर १३ वर सहसा ७९ असतो, त्याचा अर्थ ४३७ किलो. आपला भरलेला ट्रेलर ९०० किलोचा आहे. त्यातले ७०-८० किलो जीपच्या हुकावर येतात असे धरले, तरी दोन चाकांवर ८२० किलोंच्या आसपास भार राहतो. जुन्या जोडीची क्षमता ७५० किलो होती, म्हणजे इतकी वर्षे ते टायर मर्यादेबाहेर चालत होते. नव्या जोडीची ८७४ किलो आहे. टायर बदलण्याचा आपला निर्णय बरोबरच होता, फक्त त्यासोबत हौदा उचलायला हवा होता.

किती उचलायचा, हे आपणच दिलेल्या मापांतून काढता येते. ६०० किलो माल चढल्यावर अंतर ६५ वरून २५ झाले, म्हणजे पाटे ४० मिलिमीटर बसले. हौदा आणि चॅसी यांचेही वजन पाट्यांवर असतेच. ॲक्सल आणि चाके वगळून ते २२० किलो धरले, तर पाट्यांवरचा एकूण भार ८२० किलो होतो आणि त्याच हिशोबाने त्यांचे एकूण बसणे ५५ मिलिमीटर होते. चाक खड्ड्यातून उसळून वर येते तेव्हा पाट्यांवर क्षणभर साधारण दुप्पट जोर येतो असे धरण्याची रीत आहे, आणि दुप्पट जोर म्हणजे आणखी ५५ मिलिमीटर बसणे. आपल्याकडे उरलेत २५. घासणारच. ५५ वर १५ ते २० मिलिमीटर हात राखून ठेवले, तर भरलेल्या अवस्थेत ७५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. २५ आहेत, ७५ हवेत, तेव्हा उचल ५० मिलिमीटरची. त्याहून एक बोटही अधिक नको. का ते पुढे येईल.

उचलण्याआधी पाटे थकले आहेत का, हे तपासणे आवश्यक आहे. रिकाम्या ट्रेलरचे पाटे बाजूने पाहावेत. त्यांना स्पष्ट कमान असली पाहिजे. रिकाम्या अवस्थेतच ते सपाट झाले असतील, मेन पाट्याला केसासारखी चीर दिसत असेल, किंवा पाट्यांच्या मधून गंजाचे पापुद्रे फुगून बाहेर आले असतील, तर उंची वाढवण्याचा विचार सोडून आधी पाटे बदलावेत. उंची कदाचित तेवढ्यानेच परत मिळेल. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात पाट्यांचे आयुष्य घाटावरच्या मानाने कमी असते आणि सात वर्षे हा काळ लहान नाही. जुन्या पाट्यांना भट्टीत तापवून पुन्हा कमान मारून घेण्याची पद्धत आहे. नीट पाणी देणारा, म्हणजे तापलेला पाटा बुडवून योग्य तेवढा कडक करणारा, कारागीर असेल तर ती टिकते, नसेल तर पाटा वर्षभरात पुन्हा बसतो किंवा ठिसूळ होऊन तुटतो. आणखी एक पाटा वाढवावा, असेही कोणी सुचवील. चार पाट्यांचे पाच केले की ताठरपणा साधारण सव्वापट होतो आणि ४० मिलिमीटरऐवजी ३२ मिलिमीटर बसणे होते. वाचले ८ मिलिमीटर, आणि त्या बदल्यात प्रत्येक हादरा आंब्याला अधिक जोराने बसणार. देठासकट झेल्याने अलगद उतरवलेला आंबा ताठ पाट्यांच्या ट्रेलरमधून दोन किलोमीटर हिंदकळत नेऊन डागी करायचा, हा व्यवहार मला पटत नाही. पाटे शाबूत असतील तर त्यांना हात लावू नये.

आता मुख्य उपाय. आपल्यासारख्या रचनेत तीन वाटा आहेत.

पहिली वाट पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बांधण्याची. यात मिळणारी उचल म्हणजे ॲक्सलची उंची अधिक पाट्यांच्या थराची जाडी. आपला ॲक्सल ५० मिलिमीटर चौकोनी असेल आणि प्रत्येकी ८ मिलिमीटरचे चार पाटे असतील, तर ५० अधिक ३२ म्हणजे ८२ मिलिमीटर, शिवाय पाटे ॲक्सलवर ज्यांवर टेकतात त्या बैठकीच्या पट्ट्यांची जाडी. नवे सामान फारसे लागत नाही, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पण त्यात एक फसगत आहे, आणि ती मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिली आहे. काम सोपे व्हावे म्हणून कारागीर ॲक्सलच उलटा करतो, म्हणजे खालची बैठक आपोआप वर येते आणि वेल्डिंग वाचते. ट्रेलरच्या पुष्कळ ॲक्सलना मुद्दाम किंचित बाक दिलेला असतो, मधला भाग थोडा वर आणि टोके खाली, जेणेकरून भार आल्यावर ॲक्सल सरळ होऊन चाके उभी राहतील. असा ॲक्सल उलटा केला की बाक खाली जातो, चाकांचे माथे आत झुकतात, भाराने आणखी झुकतात आणि टायरची आतली कड हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये उडून जाते. ॲक्सल आहे तसाच ठेवून त्याच्या वरच्या अंगावर नव्या बैठका वेल्ड करणे हीच योग्य रीत. तेथेही सावधपणा हवा, कारण वेल्डिंग थंड होताना आकसते आणि वरच्या अंगावर सलग लांब वेल्ड मारली तर ती ॲक्सलची टोके वर ओढून दिलेला बाक मारून टाकते. बैठकीच्या फक्त दोन लांब बाजूंना, ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने, थोडी थोडी वेल्ड आलटून-पालटून डाव्या-उजव्या बाजूस घ्यावी. ॲक्सलला आडवी वेल्ड घेऊ नये, कारण चीर तेथूनच सुरू होते.

दुसरी वाट लांब शॅकलची. शॅकल म्हणजे पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी. ती पाट्याच्या एकाच टोकाला असते, त्यामुळे शॅकल जितका लांब कराल त्याच्या साधारण निम्मी उचल मधोमध ॲक्सलपाशी मिळते. ५० मिलिमीटर उचलीसाठी १०० मिलिमीटर अधिक लांबीचा शॅकल लावावा लागेल, आणि असा लांब शॅकल बाजूच्या धक्क्याला डुलतो, बूश लवकर खातो आणि पाटा तिरपा झाल्याने ॲक्सलही फिरतो. वीस-पंचवीस मिलिमीटरच हवे असते तर विचार केला असता. आपल्या गरजेला हा उपाय नको.

तिसरी वाट मला आपल्यासाठी सर्वांत योग्य वाटते. पाटे, ॲक्सल, बैठका, शॅकल यांतले काहीही न बदलता, ज्या हँगरना पाटे टांगलेले आहेत ते हँगर चॅसीपासून कापून खाली घ्यायचे आणि चॅसी व हँगर यांच्यामध्ये ५० बाय ५० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घालायचा. उचल नेमकी ५० मिलिमीटर, पाइपाच्या उंचीएवढी. प्रत्येक हँगरखाली पाइपाचा वेगळा तुकडा लावण्याचा मोह टाळून पुढच्या हँगरच्या थोडे पुढून मागच्या हँगरच्या थोडे मागेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक अखंड पाइप चॅसीला जोडावा, आणि डावा व उजवा पाइप एकमेकांना पुढे-मागे अशा दोन आडव्या पाइपांनी बांधून घ्यावा. चॅसी आणि पाटा यांच्यातले अंतर वाढले की वळणावर येणारा बाजूचा जोर हँगरला मुळापासून पिळतो. हे आडवे बांधकाम तो पीळ सोसते आणि ते नसेल तर पहिल्या हंगामातच वेल्डला चीर जाते. पाइपांची तोंडे बंद करून घ्यावीत, मात्र खालच्या बाजूस पाणी निथळायला एक बारीक भोक ठेवावे. आत गेलेले पावसाचे पाणी कोंडून राहिले तर पाइप आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो.

हँगर पुन्हा जोडताना ॲक्सल हुकाशी काटकोनात आहे याची खात्री केल्याशिवाय पक्की वेल्ड घेऊ नये. यासाठी महाग यंत्र लागत नाही. ट्रेलर सपाट जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवून हुकाच्या मध्यातून आणि ॲक्सलच्या दोन्ही टोकांतून ओळंबे सोडावेत, जमिनीवर खडूने तीन खुणा कराव्यात आणि हुकाच्या खुणेपासून दोन्ही टोकांच्या खुणांपर्यंतची अंतरे न ताणणाऱ्या मोजपट्टीने मोजावीत. दोन अंतरांत तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल तर ट्रेलर जीपच्या मागे सरळ न चालता खेकड्यासारखा तिरपा चालेल. आधी फक्त टाके मारून हे मोजमाप घ्यावे, मग वेल्ड. आणि काम चालू असताना ट्रेलर जॅकवर सोडून कोणीही खाली जाऊ नये. चिऱ्यावर चिरा रचून केलेला टेकूही नको, कारण जांभ्याचा चिरा एकवटलेल्या भाराखाली न सांगता फुटतो.

पाटे सुटलेच आहेत तर यू-बोल्ट नवे घालावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा त्याच ताकदीने धरत नाही. अर्ध्या इंची यू-बोल्टच्या नटांना साधारण ६० ते ९५ न्यूटन मीटर इतका पीळ लागतो. चारही नट एकदम एका बाजूचे न आवळता कोपऱ्यासमोरचा कोपरा या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत, आणि माल भरून पहिले ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाना लावावा. हा दुसरा पाना बहुतेक जण विसरतात.

काम झाल्यावर चॅसीखाली, ॲक्सलच्या बरोबर वर, रबराचा एकेक ठोकळा बसवून घ्यावा. रिकाम्या ट्रेलरला टायर आणि अँगल यांच्यात आता ११५ मिलिमीटर असतील, भरल्यावर ७५. ठोकळ्याची जाडी अशी ठेवावी की भरलेल्या अवस्थेपासून ॲक्सल ६० मिलिमीटर वर आला की तो रबरावर टेकेल. त्यानंतर कितीही मोठा खड्डा आला तरी टायरवर १५ मिलिमीटर उरतातच. टायरची आतली बाजूही पाहावी. नवा टायर जुन्यापेक्षा १० मिलिमीटरने अधिक रुंद आहे, त्यातले ५ आतल्या बाजूला आले, आणि नव्या रिमची खोली वेगळी असेल तर त्याहून जास्त. टायर आणि पाटा यांच्यामध्ये २० मिलिमीटरपेक्षा कमी जागा दिसली, तर उंची कितीही वाढवली तरी घासणे थांबणार नाही, कारण ते वरून नसून बाजूने आहे. घासल्याच्या खुणा टायरच्या माथ्यावर आहेत की आतल्या गालावर, हे पाहिले की उत्तर मिळते.

पन्नासच का, त्याहून जास्त का नको, हे आता सांगतो. आपल्या चाकांमधले अंतर छायाचित्रावरून १२०० मिलिमीटरच्या आसपास दिसते. क्रेटचे दोन थर लावल्यावर एकूण वजनाचा मध्य जमिनीपासून ९०० मिलिमीटरवर येतो असे धरू. असा ट्रेलर, पाटे आणि टायर दबत नाहीत असे मानले तर, सुमारे ३४ अंश कलल्यावर कलंडेल. ५० मिलिमीटर उचलल्यावर हा आकडा ३२ होतो आणि ८२ मिलिमीटर उचलल्यावर ३१. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण प्रत्यक्षात पाटे एका बाजूला दबतात, क्रेट सरकतात, एक चाक पाणंदीच्या गडग्याकडच्या उंच कडेवर असते आणि दुसरे पावसाने खणलेल्या चरीत, त्यामुळे खरा आकडा कागदावरच्यापेक्षा बराच खाली येतो. सड्यावरून गावात उतरणारी वाट आडव्या उताराची असेल तर प्रत्येक अंशाला किंमत आहे. म्हणून गरजेपुरतेच उचलावे, आणि तिसरा थर कधीही लावू नये.

शेवटी हुक. मागे ॲक्सलपाशी ५० मिलिमीटर उचलले आणि पुढे हुक होता तेथेच राहिला, तर ट्रेलर नाक खाली करून चालेल. हुकापासून ॲक्सलपर्यंत अडीच मीटर असतील तर हा झुकाव एका अंशाहून थोडा अधिक होतो. तेवढ्याने काही मोडत नाही, पण भार पुढे सरकून जीपच्या मागच्या पाट्यांवर येतो. जीपची हुकाची पट्टी ५० मिलिमीटर वर घेता आली तर उत्तम. नाही तर ट्रेलरच्या दांडीवरची हुकाची कडी दांडीच्या वर न बसवता ५० मिलिमीटर खाली उतरवून बसवावी. दोन्हींचा परिणाम एकच, हौदा पुन्हा समपातळीत येतो. ज्यांच्या ट्रेलरची चाके हौद्याच्या बाहेर असून टायर फक्त मडगार्डला घासतो, त्यांनी यातले काहीही न करता मडगार्डचे ब्रॅकेट ५० मिलिमीटर वर घ्यावेत. संध्याकाळपर्यंत काम संपते.

प्रश्न : हर्णैजवळ आमच्याकडे १४ फुटी फायबरची होडी आणि ती ने-आण करण्याचा गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर आहे. टायर मडगार्डला घासत असल्यामुळे पाटे ॲक्सलच्या वर बांधून ट्रेलर ८० मिलिमीटर उंच करून घेतला. घासणे थांबले, पण आता त्याच उतारावर, त्याच भरतीला होडी तरंगून सुटत नाही आणि गाडी पाण्यात अधिक मागे न्यावी लागते. वेल्ड केलेल्या जागी सहा महिन्यांतच गंज आला आहे.
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : होडी तरंगायला पाण्याची जी खोली लागते ती ट्रेलरवरच्या तिच्या बैठकीपासून मोजली जाते, आणि ती बैठक आता ८० मिलिमीटर वर आहे. उतार आठास एक असेल, म्हणजे आठ मीटर चालल्यावर एक मीटर खाली जाणारा, तर ८० मिलिमीटर जास्त खोलीसाठी ट्रेलर ६४० मिलिमीटर अधिक मागे न्यावा लागतो. उतार दहास एक असेल तर ८०० मिलिमीटर. तेवढ्याने गाडीची मागची चाके खाऱ्या पाण्यात आणि शेवाळलेल्या भागात जातात, आणि अडचण तीच आहे. भरतीच्या शिखराच्या दोनएक तास आधी होडी उतरवायला घेतली तर पाणी चढत असल्याने थोड्या धीराने काम भागते. ओहोटी लागल्यावर हा इलाज उरत नाही. कायमचा उपाय म्हणजे दांडी लांब करणे. आतून सरकणारा पाइप घालून दांडी मीटरभर वाढवता येईल अशी केली आणि फक्त उतरवताना ती बाहेर काढून पिनने अडकवली, की गाडी कोरड्यात राहते. रस्त्यावर मात्र ती आत असलीच पाहिजे.

आपल्या बाबतीत मडगार्ड वर घेणे पुरेसे झाले असते, हे आता सांगून उपयोग नाही. तरी घासणे नेमके कशामुळे सुरू झाले हे पाहून ठेवावे, कारण होडीच्या ट्रेलरला बहुधा पाट्यांचा थकवा हेच कारण असते. पाट्यांच्या फटींत खारे पाणी शिरते, बाहेरून जस्ताचा मुलामा चकचकीत दिसतो आणि आत पाटे अर्धे झालेले असतात.

गंजाचे कारण सरळ आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचे जस्त जळून गेले आणि उघडे लोखंड समुद्राच्या हाती लागले. ग्राइंडरने ती जागा पांढऱ्या धातूपर्यंत स्वच्छ करावी, जस्ताचे प्रमाण भरपूर असलेल्या प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि वर एपॉक्सी रंग लावावा. पुढे कधी अशा लोखंडावर वेल्ड करायची झाली, तर आधी जस्त घासून काढणे भाग आहे, कारण त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डरना हे माहीत असते आणि तरीही ते घासत नाहीत.

ट्रेलर आता अधिक खोल जात असल्यामुळे एक नवी काळजी आपल्या मागे लागली आहे. प्रवासाने तापलेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी आत ओढून घेते. किनाऱ्यावर पोहोचल्यावर हबला हात लावून पाहावा, गरम असेल तर तो निवेपर्यंत थांबावे. परतल्यावर गोड्या पाण्याने पाटे, यू-बोल्ट आणि हब धुवावेत. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्या काळात लहान होड्याही बहुधा शाकारलेल्याच असतात. तेव्हा बेअरिंग उघडून, सील बदलून, पाण्याला न दबणारे मरीन ग्रीस भरून घ्यावे.

प्रश्न : ट्रेलर उंच केल्यावर आर.टी.ओ.ची अडचण येते का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनात मोडतो आणि कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. हँगर उतरवणे किंवा पाट्यांची जागा बदलणे हे कागदावरच्या कोणत्या रकान्याला लागते, हे आपल्या नोंदणीवर अवलंबून आहे. चॅसी कापण्यापूर्वी प्रमाणपत्र आणि कामाचा साधा आराखडा घेऊन कार्यालयात विचारून यावे. बदललेल्या टायरचे मापही त्याच फेरीत दाखवावे.

प्रश्न : आमच्या ट्रेलरचे पाटे ॲक्सलच्या वर आहेत. लोखंडी गुटक्याऐवजी ऐनाच्या जुन्या वाशाचा गुटका चालेल का? लाकूड दगडासारखे आहे.
— एक वाचक, राजापूर

उत्तर : चालणार नाही. ऐन कितीही कठीण असला तरी यू-बोल्टच्या दाबाखाली थोडा थोडा दबत जातो, पावसात फुगतो, वैशाखात आकसतो, आणि प्रत्येक वेळी यू-बोल्ट सैल होतात. सैल यू-बोल्टमध्ये ॲक्सल पुढे-मागे सरकतो आणि पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट कापला जातो. गुटका भरीव पोलादाचा घ्यावा, त्याच्या खालच्या बाजूस ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसणारी खुंटी आणि वरच्या बाजूस सेंटर बोल्टचे डोके बसेल असा खड्डा लेथवर करून घ्यावा, आणि जुन्यांपेक्षा गुटक्याच्या उंचीइतके अधिक लांब यू-बोल्ट नवे आणावेत. हवी ती उंची एकाच गुटक्यात मिळवावी, गुटक्यावर गुटका ठेवू नये.